गोंदिया जिल्ह्यातील परसातील कुक्कुटपालन : कोंबड्यांच्या आजाराची लक्षणे व वेळीच ओळख

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धान हे येथील मुख्य पीक असून शेतीला जोड म्हणून अनेक कुटुंबे अंगणात देशी कोंबड्या पाळतात. त्यांची निगा बहुधा घरातील स्त्रिया राखतात व अंडी-कोंबड्यांच्या विक्रीतून किरकोळ गरजा भागतात. साथ आल्यास हा आधार काही दिवसांतच नाहीसा होतो. कोंबडी स्वभावतः आपला आजार लपविते. म्हणून सुरुवातीची लक्षणे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

सकाळचे निरीक्षण :
खुराडे उघडताच निरोगी कोंबडी बाहेर धावते व दाणे टिपू लागते. मागे राहणारी, पिसे फुगवून, डोळे मिटून, मान आखडून बसणारी कोंबडी आजारी समजावी. तुरा फिका असल्यास रक्तक्षय वा जंत, तर निळसर असल्यास गंभीर आजार संभवतो. छातीचे हाड हाताला टोचत असल्यास पक्षी बरेच दिवस खंगत आहे असे समजावे.

मात्र खुडूक कोंबडीदेखील पिसे फुगवून एका जागी बसते व कमी खाते. जवळ हात नेताच ती चिडून टोचते. आजारी कोंबडी मात्र निमूट राहते.

विष्ठा :
निरोगी पक्ष्याची विष्ठा घट्ट, तपकिरी व वर पांढरा थर असलेली असते. दिवसातून काही वेळा पडणारी गडद, चिकट विष्ठाही स्वाभाविकच होय. पिलांच्या विष्ठेत रक्त दिसल्यास रक्ती हगवणीची शक्यता असते. ओलसर जागेत, विशेषतः पावसाळ्यात, ती वाढते.

प्रमुख रोग :
राणीखेत अर्थात मानमोडी हा सर्वांत घातक रोग होय. हिरवट पातळ हगवण, चोच उघडून श्वास घेणे, पाय व पंख लुळे पडणे आणि मान वाकडी होणे ही त्याची लक्षणे आहेत. लस न दिलेल्या कळपातील बहुतेक पक्षी त्यात दगावू शकतात. देवी रोगात तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या धरतात.

डोक्यावर सूज, तुरा निळा पडणे व एकाएकी मोठी मरतूक झाल्यास बर्ड फ्लूची शंका घ्यावी. भारतात पाळीव कोंबड्यांतील त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. नवेगावबांधसारख्या जलाशयांवर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. जंगली पाणपक्षी या विषाणूचे वाहक असू शकत असल्याने तलावाकाठच्या गावांनी अधिक दक्ष राहावे.

उपाययोजना :
आजारी पक्षी त्वरित वेगळा ठेवावा व निरोगी पक्ष्यांना आधी दाणापाणी द्यावे. मरतूक सुरू होताच उरलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात विकण्याची प्रवृत्ती आढळते. त्यामुळेच रोग गावोगाव पसरतो. मृत पक्षी नाल्यात न टाकता चुना घालून खोल पुरावा. बर्ड फ्लूची शंका असल्यास मृत पक्ष्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. राणीखेत व बर्ड फ्लू हे २००९ च्या केंद्रीय प्राणिरोग नियंत्रण कायद्यानुसार कळविणे बंधनकारक असलेले रोग आहेत. विकत आणलेली कोंबडी दोन ते तीन आठवडे वेगळी ठेवावी.

निष्कर्ष :
राणीखेत व देवी या विषाणुजन्य रोगांवर नेमका औषधोपचार नाही. वेळेवर लसीकरण हाच खात्रीचा मार्ग होय. मात्र लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावयाची असल्याने आजारी पक्षी ओळखणे त्याआधी आवश्यक ठरते. खुराडे उघडताना केलेले काही मिनिटांचे निरीक्षण संपूर्ण कळप वाचवू शकते.