34 सेकंदांच्या फोटोतून माणसं कुठे जातात?

गेल्या दिवाळीत मालवणला घरी गेले होते. एका संध्याकाळी जेटीच्या काँक्रीटचा लाँग एक्स्पोजर फोटो काढला. आधुनिक इमारतींचे, पुलांचे असे फोटो तुम्ही पाहिले असतील: बांधकाम अगदी रेखीव, पाणी दुधासारखं, ढग पिंजलेल्या कापसासारखे. माझाही तसाच आला. आईला दाखवला तर म्हणाली, "फोटो बरो आसा गो, पण माणसां खंय गेली?"

प्रश्न बरोबर होता. त्या वेळी किल्ल्यावरून परतणारे पर्यटक, होडीवाले, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, सगळे कॅमेऱ्यासमोरून ये-जा करत होते. फोटोत एकही नाही.

हिशोब करून बघू. त्या उजेडात साधा फोटो 1/30 सेकंदात आला असता. मी दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे काळी काच लावली होती. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणून दहा स्टॉपला तो 1024 पट कमी. एक्स्पोजर झालं 1024/30, म्हणजे सुमारे 34 सेकंद. आता अर्धा मीटर रुंदीचा माणूस सेकंदाला एक मीटर वेगाने चालला, तर भिंतीचा एखादा बिंदू तो अर्धा सेकंदच झाकतो. 34 पैकी अर्धा म्हणजे दीड टक्का. उरलेले साडेअठ्ठ्याण्णव टक्के भिंतच. सेन्सर सगळा प्रकाश गोळा करतो, म्हणजे एका अर्थी सरासरी काढतो, आणि त्या सरासरीत माणूस बुडतो.

हे जुनंच आहे. 1838 मध्ये दागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्स्पोजर काही मिनिटांचं. घोडागाड्या, गर्दी सगळं गायब. ठळक उरला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस.

सरासरी सगळ्यांना सारखी वागवत नाही

पणजीला मांडवीवरच्या अटल सेतूचा रात्रीचा लाँग एक्स्पोजर फोटो बघा. गाड्या दिसत नाहीत, पण हेडलाइटच्या रेघा लख्ख दिसतात. तेवढाच वेळ समोरून गेलेला, अंगावर दिवा नसलेला माणूस मात्र पुसला जातो. जे फार प्रखर असतं ते क्षणभर आलं तरी सरासरीवर खूण ठेवून जातं. तुमच्या डेटामधला एखादा आउटलायर नेमकं हेच करतो.

आता माझी चूक सांगते. मी खाडीच्या पाण्याची क्षारता मोजते. पहिल्या पावसाळ्यात मेमरी आणि बॅटरी वाचावी म्हणून लॉगर असा सेट केला की तो फक्त 24 तासांची सरासरी साठवेल. आलेख सुंदर आला, एकदम गुळगुळीत. पण भरती-ओहोटीचं एक चक्र साधारण 12 तास 25 मिनिटांचं. 24 तासांत जवळजवळ दोन चक्रं येतात आणि एकमेकांत मिसळून जातात. माझा प्रश्न होता, मुसळधार पावसानंतरच्या भरतीला खारं पाणी किती आत येतं? त्याचं उत्तर त्या फाइलमध्ये नव्हतं. कच्च्या नोंदी साठवल्याच नव्हत्या, आणि गेलेला पावसाळा परत मोजता येत नाही. एक वर्ष गेलं.

मग सरासरी घ्यायचीच नाही का?

घ्यायची की! 1980 च्या दशकात अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या रॉब होलमन यांच्या गटाने किनाऱ्याच्या दहा-दहा मिनिटांच्या सरासरी प्रतिमा घेतल्या. एकेक लाट पुसली गेली आणि लाटा जिथे वारंवार फुटतात तिथे पांढरा पट्टा उमटला. पाण्याखालचा वाळूचा दांडा नेमका तिथेच असतो. त्यांना दांडा हवा होता, लाट नको होती. म्हणून तिथे सरासरी योग्य ठरली.

शक्य असेल तर सरासरी नंतर काढा. यंदाच्या मे महिन्यात मी त्याच जेटीवर पाच स्टॉपचा फिल्टर लावून एकेक सेकंदाच्या 34 फ्रेम घेतल्या. त्यांची सरासरी काढली की जवळजवळ तोच दुधाळ फोटो मिळतो. मध्यक काढला तर दिव्यांच्या रेघाही जातात. प्रमाण विचलन काढलं तर उलटंच चित्र येतं: काँक्रीट काळं, आणि लोक चालले तो पट्टा व लाटांची कड उजळ. याची किंमतही आहे. प्रत्येक फ्रेम वाचताना सेन्सर थोडा नॉइज घालतो, आणि डिस्क 34 पट भरते.

म्हणून पहिल्यांदा उपकरण लावाल तेव्हा वहीत तीन गोष्टी लिहा: मला जो बदल पकडायचा आहे तो किती वेळात घडतो, मी किती वेळाची सरासरी घेते आहे, आणि कच्ची नोंद कुठे ठेवली आहे. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा दिसला, तर लॉगर चालू करायच्या आधी गाईडकडे जा.

आणि हो, त्या 34 पैकी अकराव्या फ्रेममध्ये आईला शेजारच्या काकी सापडल्या.