पाळीची तारीख आणि चोरटे कान

‘फ्लो’ हे मासिक पाळीची नोंद ठेवणारं ॲप. बाई त्यात पाळीची तारीख भरते, दिवस राहिलेत का तेही सांगते. ही माहिती बाहेर जाणार नाही, असं आश्वासन होतं. पण ॲपच्या पोटात फेसबुक, गुगलच्या कोडचे तुकडे बसवलेले होते. गरोदरपणाचा आठवडा निवडला, की ‘आर प्रेग्नन्सी वीक चोझन’ अशी नोंद परस्पर फेसबुककडे. नावच इतकं बोलकं, की फोड करून सांगायला नको!

दवाखान्यातल्या कागदपत्रांना जपणारा अमेरिकेचा ‘हिपा’ कायदा अशा ॲपना सहसा लागू होत नाही. म्हणून ग्राहकांचं हित पाहणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये ‘फ्लो’वर ठपका ठेवला तो ग्राहकांची दिशाभूल केल्याचा. दंड मात्र शून्य.

मग वापरकर्त्या बायकांनी सामूहिक दावा लावला. ‘फ्लो’ आणि गुगल यांनी तडजोड केली. फेसबुकची मालक ‘मेटा’ लढली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्युरीपुढे हरली. कायदा कोणता? टेलिफोनवरचं बोलणं चोरून ऐकणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियाने १९६७ साली केलेला. त्यात प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० डॉलर भरपाईची तरतूद आहे.