रकान्याला नाव हवं

अमेरिकेत करविवरणापासून पेन्शनच्या अर्जापर्यंत बरंच काही पीडीएफ फॉर्मवर चालतं. डोळस माणसाला रकान्याशेजारी ‘जन्मतारीख’ छापलेलं दिसतं. दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र रकान्याला आतून जोडलेलं नाव वाचतो. पीडीएफ फॉर्म बनवण्याच्या अ‍ॅक्रोबॅट सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘टूलटिप’ असते. ती रिकामी राहिली, तर कुठे काय लिहायचं हे कळणं कठीण होतं. टॅब दाबल्यावर कर्सर आडनावावरून थेट सहीवर गेला, की गोंधळ आणखी वाढतो. आणि स्कॅन करून चढवलेला फॉर्म म्हणजे निव्वळ चित्र. त्यात वाचायला अक्षरच नाही.

अपघातात दृष्टी गेलेल्या टेड हेंटर यांच्या फ्लोरिडातल्या कंपनीनं १९८९ मध्ये ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला. पुढे अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०८ मध्ये १९९८ साली दुरुस्ती झाली आणि केंद्रीय खात्यांवर आपली इलेक्ट्रॉनिक माहिती अपंगांनाही वापरता येईल अशी ठेवण्याचं बंधन आलं. टूलटिप लिहायला क्षणभर लागतो. तेवढ्याअभावी कुणाला आपलं उत्पन्न, आपला आजार परक्या माणसाला सांगून अर्ज भरून घ्यावा लागणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

फॉर्म बनवणाऱ्यांसाठी ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. तो लावून, पडदा बंद करून, फक्त कीबोर्डनं, आपलाच फॉर्म एकदा भरून पाहावा.