‘अँटिक्राइस्ट’ : शोक, दाम्पत्य आणि भय

लार्स फॉन ट्रिअर या डॅनिश दिग्दर्शकाच्या ‘अँटिक्राइस्ट’ (२००९) या चित्रपटात, खिडकीतून पडून मृत्यू पावलेल्या बालकाच्या माता-पित्यांचा शोक चित्रित झाला आहे. पती व्यवसायाने मानसोपचारक आहे. अंत्ययात्रेत रडणारा हा पिता पुढे मात्र पत्नीचा उपचारक बनतो आणि तिला अरण्यातील ‘ईडन’ नामक कुटीत नेतो. येथेच दाम्पत्यातील समता भंगते. दोघांचे दुःख एकटीचा आजार ठरते. ‘शोक’, ‘वेदना’, ‘निराशा’ या प्रकरणांतून हा दुरावा हिंसेपर्यंत पोहोचतो. त्यातील क्रूर दृश्ये अनेकांनी आक्षेपार्ह मानली. तथापि पत्नीच्या भूमिकेसाठी शार्लोट गेन्सबर्ग यांना त्याच वर्षी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार लाभला. सारांश, या चित्रपटातील भयाचे मूळ अरण्यात नाही. सोबत रडण्याची जागा उपचाराने घेतली, यात ते आहे.