डक्टलेस फ्यूम हूडचा फिल्टर: आधी रसायनांची यादी काढा

डक्टलेस हूड गाळलेली हवा खोलीतच परत सोडतो, म्हणून त्याचा फिल्टर चुकला की वाफ थेट आपल्या नाकात!

हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण वायू आणि वाफा त्यातून आरपार जातात. वाफांसाठी हवा सक्रिय कोळसा. टोल्यूइन, झायलिन त्याला छान चिकटतात. मिथेनॉल, डायक्लोरोमिथेन मात्र फार कमी. आम्लांच्या वाफा, अमोनिया, फॉर्मल्डिहाइड यांना प्रत्येकी वेगळी रासायनिक प्रक्रिया केलेला कोळसा लागतो. त्यामुळे पुरवठादाराला रसायनांची नावं आणि रोजचं प्रमाण लेखी द्या. पर्क्लोरिक आम्ल तापवायचं असेल, तर डक्टलेस हूड नकोच.

आणि कृपा करून वासावर विसंबू नका. काही रसायनांचा वास येईपर्यंत हवेतलं प्रमाण धोकादायक झालेलं असतं, शिवाय नाकही सरावतं. फिल्टरनंतरची हवा डिटेक्टर ट्यूबने नियमित तपासा, बसवल्याची तारीख हूडवरच लिहा. पावसाळ्यात जास्त लक्ष ठेवा, कारण दमट हवेत कोळशाची क्षमता घटते. प्री-फिल्टर स्वस्त असतो, तो वेळेवर बदला.

वापरलेला कोळसा घातक कचऱ्यात जातो, भंगारात नाही.