पेजमेकर सोडायचा का?

लग्नसराईत पाथरीच्या डीटीपी सेंटरमध्ये दोन लिप्या शेजारी शेजारी चालतात. एका संगणकावर श्रीलिपीतली मराठी लग्नपत्रिका, दुसऱ्यावर इनपेजमधली उर्दू. मराठीची जुळणी अजून पेजमेकरवर होते. पेजमेकर १९८५ सालचा. तो काढणारी अल्डस कंपनी १९९४ मध्ये अडोबीनं घेतली, आणि २००१ मधल्या सातव्या आवृत्तीनंतर मोठी आवृत्ती आलीच नाही. तरी त्यावर रोजचं काम निघतं. ऑपरेटरचा हात रेमिंग्टन कीबोर्डवर बसलेला, पत्रिकांचे साचे तयार, आणि गिऱ्हाईक समोर उभं.

मग बदलायचं कशासाठी? कारण मजकूर आता कागदावर येत नाही, व्हॉट्सअॅपवर येतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात असतो. पेजमेकरमध्ये चिकटवला की प्रश्नचिन्हांची रांग लागते. म्हणून जे एकदा टाइप झालंय तेच पुन्हा टाइप करावं लागतं, आणि पाहुण्यांच्या नावात चूक शिरते ती इथंच. उलट बाजूनंही तेच. शाळेच्या स्मरणिकेतला लेख फोनवर पाठवायचा तर पानाचा फोटो नाहीतर पीडीएफच पाठवता येते. त्यातला एक शब्दही शोधून सापडत नाही.

याचं मूळ जुन्या फॉन्टच्या रचनेत आहे. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाइप करा आणि फॉन्ट काढून घ्या. पडद्यावर इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं उरतात. संगणकाच्या लेखी तिथं मराठी कधी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांवर देवनागरीची चित्रं चढवलेली होती. प्रत्येक फॉन्टची चित्रं वेगळ्या जागी, म्हणून श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवमध्ये वाचता येत नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा १९९१ पासून आहे, पण छपाईचा धंदा आपल्या जुन्या फाइलींशी बांधलेला राहिला.

निर्णय घ्यायचा तर एक जुनी फाइल प्रत्यक्ष बदलून पाहावी. ऑपरेटरच्या शेजारी बसून मी शेतकरी मेळाव्याच्या पत्रकाचं युनिकोडमध्ये रूपांतर होताना पाहिलं. कन्व्हर्टरनं मजकूर क्षणात पालटला आणि पहिल्या नजरेला सगळं ठीक वाटलं. मग ऑपरेटरनं बोट ठेवलं ‘शेतकऱ्यांना’वर. तिथं ‘शेतकर्यांना’ झालं होतं. अर्ध्या र चं ते खास मराठी रूप कन्व्हर्टरनं साध्या रफारात बदललं होतं. ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘कारखान्याच्या कर्मचाऱ्यांना’, सगळीकडे तेच. रफार आणि ऱ्हस्व वेलांटीचीही अशीच अडचण. जुन्या फॉन्टमध्ये चिन्हं दिसतात त्या क्रमानं ठेवलेली, म्हणजे वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. तो फिरवताना जोडाक्षर आलं की चूक होते. म्हणजे रूपांतर यंत्र करील, पण वाचन माणसालाच करावं लागेल.

नव्या बाजूलाही बारकावे आहेत. अडोबीच्याच इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ लावला नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. शिवाय इनडिझाइनचं भाडं वर्षभर चालू राहतं, आणि पत्रिकांची कमाई मात्र हंगामापुरती. स्क्रायबस फुकट आहे, १.६ आवृत्तीत देवनागरी नीट लागते, पण त्याची सवय नव्यानं करावी लागते. मुक्तासारखे चांगले फॉन्ट मोफत मिळतात. मराठी वळणाचे ल आणि श येतात ना, तेवढं तपासून घ्यावं. हाताच्या सवयीची भीती मात्र बाळगू नये. रेमिंग्टन टाइपरायटरची मांडणी युनिकोडमध्येही मिळते, तेव्हा बोटांना नवं शिकावं लागत नाही.

हे सगळं पाहून माझं मत पक्कं झालं आहे. बदल करावा, पण भर लग्नसराईत नाही. आषाढात, हात मोकळा असताना. नवं प्रत्येक काम युनिकोडमध्ये घ्यावं. जुन्या पत्रिकांच्या मागं लागू नये. त्यांची पीडीएफ काढून ठेवली की भागतं. स्मरणिका, गावाचा इतिहास, वाचनालयाचे अहवाल असं जे पुन्हा वाचलं जाणार आहे, तेवढंच रूपांतरित करून ओळ न् ओळ वाचावं. आणि जुना संगणक व श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे ती चालू करणारी संगणकाला लावायची किल्ली, चालू स्थितीत राहू द्यावी, कारण ती बिघडली तर जुन्या फाइलींत दुरुस्ती करणं अवघड होऊन बसेल.

सॉफ्टवेअर निवडताना वेग आणि किंमत पाहावीच. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: इथून मजकूर शाबूत बाहेर काढता येईल का? पाथरीसारख्या गावाचं बरंचसं लेखन पुस्तकांत नाही, अशा पत्रकांत आणि स्मरणिकांतच आहे. ते पुढच्या माणसाला वाचता आणि शोधता आलं पाहिजे, आणि त्याची जबाबदारी आज कीबोर्डवर बसलेल्या माणसावर आहे.