पिवळे डोळे दिसले? आधी विचारा : कावीळ कोणती?

पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांना गढूळ पाणी येते, निंदणी-कोळपणीची कामे अंगावर असतात, आणि नेमके त्याच दिवसांत घरातले कुणीतरी जेवणावरची वासना गेली म्हणते. मळमळते, अंग मोडून येते, लघवी गडद पिवळी होते. चार दिवसांनी डोळे पिवळे दिसतात आणि घरात एकच वाक्य निघते : "कावीळ झाली, उतरवून आणा."

वाचकहो, उतरवण्याआधी विचारायला हवे की ही कावीळ कोणती? कारण कावीळ हा स्वतः रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. बोकडाची कलेजी आपण ओळखतो. तोच अवयव, म्हणजे यकृत, माणसाच्या पोटात उजव्या बरगड्यांखाली असतो. त्याला सूज आली की रक्तातला पिवळा घटक बाहेर टाकला जात नाही आणि डोळे पिवळे होतात. ही सूज आणणाऱ्या विषाणूंना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत.

पाण्यातून येणारी कावीळ

ए आणि ई हे विषाणू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. २०१२ साली आपल्या इचलकरंजीतही दूषित पाण्यामुळे हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. नळाच्या शहरांची ही गत; मग अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर, जिथे झऱ्याचे किंवा नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचे पाणी भरावे लागते, तिथे किती जपायला हवे!

आज प्यालेल्या घाण पाण्याची कावीळ साधारण महिन्याभराने दिसते. म्हणून कुणी पाण्याला दोष देत नाही.

ही कावीळ बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ई विषाणूची कावीळ झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. गरोदर सुनेचे किंवा लेकीचे डोळे पिवळे दिसले, तर एक दिवसही थांबू नका.

रक्तातून येणारी कावीळ

बी आणि सी पाण्यातून येत नाहीत. न उकळलेली सुई, दुसऱ्याचे ब्लेड-वस्तरा, दूषित रक्त, शरीरसंबंध, तसेच आईकडून बाळाला, अशा वाटांनी ते येतात. २००९ साली शेजारच्या गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने बी कावीळ पसरली आणि अनेक जीव गेले. म्हणून इंजेक्शनची सुई आपल्या डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून काढायला सांगा. बाजारात, यात्रेत गोंदवून घेताना सुई नवी आहे ना, हे पाहा.

हा रोग वर्षानुवर्षे पोटात गप्प राहून यकृत सडवतो. बाळाला बी विषाणू जन्मताच लागला तर शंभरातल्या नव्वद बाळांना जन्मभर चिकटतो. बी काविळीवर लस आहे : पहिली जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, नंतर ६, १० आणि १४ आठवड्यांनी. बाळंतपण दवाखान्यात केले तर पहिली लस चुकत नाही. बी-सीच्या रोग्याबरोबर एका ताटात जेवल्याने रोग लागत नाही; त्याला वेगळे बसवू नका.

सिकल सेलही असू शकतो

सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकल सेल हा जन्मजात रक्तरोग आढळतो. त्यातही डोळे पिवळे होतात, पण हातपाय-सांधेही वारंवार ठणकतात. त्याचा उपचार निराळा आहे.

उतरवणे म्हणजे काय?

कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवून पाणी पिवळे करून दाखवतो. हाताला आधी चोळलेला आंब्याच्या सालीचा रस चुन्याने पिवळा होतो. कावीळ उतरत नाही. आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळीत त्याला यश मिळते, पण बी, सी आणि सिकल सेलच्या रोग्याचा मोलाचा वेळ जातो. डाग देणे आणि नाकात झाडपाल्याचा रस टाकणे तर घातकच.

घरी काय कराल?

- पाणी उकळी फुटल्यावर मिनिटभर तरी खळखळू द्या. विहिरीत ग्रामपंचायतीकडून ब्लिचिंग पावडर टाकवून घ्या.
- शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. झऱ्याच्या वरच्या अंगाला शौचास बसू नका.
- रोग्याला विश्रांती द्या. भाकरी, वरण, खिचडी, रुचेल ते द्या. दारूचा थेंबही नको. डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणतीही गोळी नको.
- रोगी बरळू लागला, झोपेतून उठेना, रक्त पडू लागले किंवा उलट्या थांबेनात, तर १०८ ला फोन करा.

२८ जुलै २०१८ पासून देशात विषाणूजन्य काविळीसाठी सरकारी कार्यक्रम सुरू आहे. त्यात बी-सीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. सीची कावीळ बहुतेकांची तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते. अक्कलकुवा आणि मोलगीला ग्रामीण रुग्णालय आहे, नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे. वाट ठाऊक नसेल तर पाड्यावरच्या आशाताईंना विचारा.

भगतावर श्रद्धा असेल तर त्याच्याकडे जरूर जा. पण आधी दवाखान्यात रक्त तपासायला देऊन मग जा. कावीळ कोणती, हे रक्तच सांगते.